घरपोच रक्ततपासणी: एकोणीस पानी रिपोर्ट आणि अकराव्या पानावरचं सोडियम

आधी गुण देऊन टाकतो, कारणं मागाहून. घरी येऊन रक्त घेणाऱ्या ॲपवाल्या कंपनीला पाचपैकी दोन. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका गाळ्यात असलेल्या लॅबला साडेचार. नावं दोघांचीही देत नाही. पहिल्याचं दिलं तर भांडण लागेल, दुसऱ्याचं दिलं तर उद्यापासून आम्हालाच बाकावर जागा मिळायची नाही.

मी एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर, सांगली आगार. वेबिल आणि रोकड जुळली नाही की पदरचे भरायचे, त्यामुळे कागदावरचा आकडा दोनदा वाचायची खोड लागली. रिटायर झालो तरी ती गेली नाही. या प्रकरणात तीच उपयोगी पडली.

मे महिना होता. हिचं वय ६७. एप्रिलच्या सुरुवातीला बीपीची गोळी बदलून मिळाली होती. आधी नुसती टेल्मिसार्टन होती, आता तिच्या जोडीला क्लोर्थॅलिडोन. म्हणजे लघवी वाढवून बीपी उतरवणारं औषध. उन्हाळा सांगलीचा, त्यात मोबाइलवर कुणीतरी पाठवलेलं की दिवसाला चार लिटर पाणी प्या. हिने ते मनावर घेतलं. तांब्या कायम शेजारी. जेवण मात्र उन्हामुळे सुटलेलं, सकाळ-संध्याकाळ चहा आणि खारी, मध्येच वाटीभर दहीभात. आठवडाभर म्हणत होती, "अहो, पाय माझे नाहीत असं वाटतंय." मी म्हटलं ऊन लागलं असेल.

मग एका सकाळी चहाचं आधण ठेवून ही कालनिर्णयपुढे उभी राहिली. रोजची सवय आहे, तिथी बघितल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आधण आटलं. मी गेलो तर पानावर बोट ठेवून म्हणाली, "आज तुळशीचं लग्न ना? ऊस आणला नाही तुम्ही." पान मे महिन्याचंच होतं. चतुर्थी कधी, एकादशी कधी हे मला कायम हिच्याकडून विचारावं लागतं. मला घाम फुटला.

त्या वेळी तडक डॉक्टरकडे जायला हवं होतं, हे आता कळतं. पुण्याच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "अण्णा, वय झालं की थोडं होतं असं, पण एकदा सगळं तपासून घेऊ," आणि तिथे बसल्या बसल्या तिने ॲपवर पॅकेज बुक केलं. ८७ चाचण्या, १,४९९ रुपये, उद्या सकाळी सात ते आठ.

इथपर्यंत कंपनीबद्दल माझी तक्रार नाही. पोरगा सात दहाला दारात. बूट बाहेर काढले, हात धुतले, नवीन सुई माझ्यासमोर फोडली. हिची शीर सापडत नाही, भल्याभल्यांनी तीनदा टोचलंय, याने एका फटक्यात घेतलं. आधी पिवळ्या टोपणाची नळी भरली, मग जांभळ्या, शेवटी राखाडी. हा क्रम का, ते मला नंतर गाळ्यातल्या लॅबवाल्याने सांगितलं. राखाडी नळीत साखर टिकावी म्हणून सोडियम फ्लोराइड असतं, जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमचं ईडीटीए. तपासायचं ते सोडियम-पोटॅशियम पिवळ्या नळीतल्या रक्तातलं. दुसऱ्या नळीतला अंश तिच्यात गेला की आकडा बिघडला. म्हणजे पोरगा शिकलेला होता. पाचातले दोन गुण त्या पोराचे आहेत, कंपनीचे नाहीत.

त्याने विचारलं, "काकू उपाशी आहेत ना?" उपाशी होती, आदल्या रात्रीपासून. ते साखर आणि चरबीच्या तपासणीसाठी लागतं. नुसतं सोडियम बघायचं असेल तर उपाशी राहायची गरज नसते, पण पॅकेज म्हटलं की सगळे एकाच गाडीत. त्यात हिने उपाशीपोटी दोन तांबे पाणी ढोसलेलं. ते कुणी विचारलंही नाही, आम्ही सांगितलंही नाही.

रिपोर्ट संध्याकाळी आठला यायचा होता. आला दुसऱ्या दिवशी पावणेबाराला. फोनवर टिंग वाजलं, तेवढंच. एकोणीस पानं. पहिल्या पानावर माणसाचं रंगीत चित्र, त्यात यकृत हिरवं, हृदय पिवळं, हाडं लालभडक. का, तर व्हिटॅमिन डी कमी. दुसऱ्या पानावर 'तुमच्यासाठी खास सल्ला'. तो जसाच्या तसा सांगतो: रक्तदाब असल्यास आहारातलं मीठ कमी करा, दिवसाला तीन लिटर पाणी प्या. तिसऱ्या पानावर व्हिटॅमिनच्या गोळ्यांची जाहिरात. मग कोलेस्टेरॉलच्या पट्ट्या, थायरॉइड, लोह. मी एकेक पान सरकवत राहिलो आणि अकराव्या पानावर, क्लोराइडच्या वर, बारीक अक्षरात:

सोडियम ११८. समोर इंग्रजी एल. शेजारी १३५ ते १४५.

एल म्हणजे लो, एवढं कळतं. पण तोच एल व्हिटॅमिन डीपुढे होता, तोच लोहापुढे. १३४ ला एल आणि ११८ लाही एल, तसाच, त्याच रंगाचा. बसमध्ये एक जण जास्त झाला तरी 'गर्दी' आणि टपावर माणसं बसली तरी 'गर्दी', असा प्रकार. आता मला माहीत आहे की १३० ते १३४ म्हणजे थोडं कमी, १२५ ते १२९ मध्यम, आणि १२५ च्या खाली गंभीर. हे त्या एकोणीस पानांत कुठेही नव्हतं. उलट ज्या बाईचं सोडियम ११८ आहे तिला दुसऱ्या पानावर सांगितलंय की मीठ कमी कर आणि पाणी वाढव. ते लिहिणारा माणूस नव्हताच, यंत्र होतं, बीपीचा रकाना बघून छापून टाकलं.

माझा खरा राग पुढे आहे. रिपोर्टच्या तळाला वेळ छापलेली असते, ती मी वाचतो. नमुना मशीनवर तपासून झाला आदल्या रात्री नऊ वाजून काही मिनिटांनी. म्हणजे ११८ हा आकडा रात्रभर कुठल्यातरी कॉम्प्युटरात पडून होता आणि ही माझ्या शेजारी झोपली होती. जिवावर बेतणारा आकडा आला की लॅबने रिपोर्ट छापायची वाट न बघता फोन करायचा असतो. एनएबीएल म्हणजे लॅबचा दर्जा तपासणारी संस्था, तिची मान्यता ज्या आयएसओ १५१८९ नियमांवर मिळते त्यांत हे येतं, आणि मान्यतेचा तो शिक्का प्रत्येक पानाच्या डोक्यावर ठळक छापला होता. फोन नंबर मुलीचा होता, माझाही होता. कुणाचाच वाजला नाही. आठवड्याने मात्र वाजला. "सर, आमच्या सेवेला किती स्टार द्याल?" मी तेव्हा दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये होतो. काय बोललो ते इथे लिहीत नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आकडा वाचून दाखवला. ते म्हणाले, "काही खायला-प्यायला देत बसू नका, रिक्षा करा आणि मिरजेला घेऊन जा, मी फोन करतो." शेजारच्या काकू तोवर लिंबू-मीठ-पाणी घेऊन आल्या होत्या. दुसऱ्या एकांनी ओआरएसची पुडी आणली. माणसं चांगली आहेत, पण ते पाजलं नाही हे बरं झालं.

मिरजेत अपघात विभागात बोटाएवढ्या सिरिंजमधून रक्त घेतलं आणि कोपऱ्यातल्या मशीनला लावलं. दोन-तीन मिनिटांत चिठ्ठी बाहेर: ११७. शिकाऊ डॉक्टर पोरगी होती, आमच्या नातीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने रिपोर्टची एकोणीस पानं चाळली, मला वाटलं आता वैतागेल. ती म्हणाली, "काका, मी सोडियम खरंच कमी आहे का, ते बघतेय." मोठ्या लॅबच्या मशीनमध्ये रक्त आधी पातळ करून मग मोजतात. रक्तात चरबी किंवा प्रथिनं फार असली तर त्या पद्धतीत सोडियम खोटंच कमी दिसतं. इथलं मशीन पातळ न करता मोजतं, त्यात तो घोळ होत नाही. दुसरं, साखर. साखर पाचशे-सहाशेला गेली तर ती पाणी रक्तात ओढते आणि सोडियम खाली दिसतं. तिने हिशेबच करून दाखवला: शंभरच्या वर साखर जितकी शेकडा, तितके साधारण दीड-दीड सोडियमच्या आकड्यात मिळवायचे. हिची साखर १०८. मिळवायला काही नव्हतं. आकडा खरा होता.

म्हटलं, "डॉक्टर, मीठ कमी खाल्लं म्हणून झालं का हे? आमच्याकडे लोणचं तर रोज असतं."

ती म्हणाली, "मीठ कमी खाल्ल्याने नाही झालं काका, पाणी जास्त झालंय."

हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला आणि शिरलं ते एसटीच्या भाषेत. आमच्याकडे भारमान काढतात. शंभर जागांमागे किती प्रवासी. भारमान पडलं की साहेब विचारतो प्रवासी कुठे गेले. पण कधीकधी प्रवासी तेवढेच असतात, मार्गावर गाड्या जादा सोडलेल्या असतात. सोडियमचा आकडा तसा आहे. एक लिटरमागे किती, एवढंच तो सांगतो. अंगात एकूण मीठ किती हे तो सांगत नाही. हिच्या बाबतीत दोन्ही झालं होतं. गोळीने मूत्रपिंडातून सोडियम बाहेर घालवलं, आणि वर त्याच गोळीमुळे जादाचं पाणी लघवीवाटे सोडून द्यायची मूत्रपिंडाची ताकद गेली. ही वरून चार लिटर ओततेय आणि खायला चहा-खारी. मेंदूच्या पेशींत पाणी शिरलं की माणूस भांबावतो, चाल बिघडते, आणखी खाली गेलं तर झटके येतात, बेशुद्धी येते. वयस्कर, अंगाने बारीक बायका आणि ही गोळी, यांचं जमत नाही अनेकदा, असं ती म्हणाली. हिचं वजन ४४ किलो.

ओआरएसचं विचारलं तेव्हा कळलं की त्यात लिटरला ७५ सोडियम असतं. जुलाबात ते अमृत. पण रक्तात ११७ आणि वरून ७५ चं पाणी, तेही बाहेर न पडणारं, म्हणजे भारमान आणखी खाली.

लघवी तपासली, थायरॉइड आणि कॉर्टिसॉलही बघितलं. ते दोन्ही ठीक निघालं. गोळी त्याच क्षणी बंद. तीन टक्क्यांची सलाईन लावली, साध्या सलाईनपेक्षा तिप्पट खारी, पण बाटली धो धो सोडली नाही, पंपावर थेंब थेंब. मी विचारलं, एवढं कमी आहे तर पटकन का भरत नाही? तर म्हणे चोवीस तासांत आकडा आठापेक्षा जास्त वाढू द्यायचा नाही. मेंदू कमी सोडियमला सरावलेला असतो, एकदम वर नेलं तर त्याच्या मज्जातंतूंची आवरणं खराब होतात आणि मग माणूस कायमचा अधू होऊ शकतो. खाली पडलेलं वर काढतानाच जास्त सांभाळावं लागतं, हे मला नवीन होतं. घाटात चढण चढण्यापेक्षा उतरताना ब्रेक सांभाळावे लागतात तसं काहीसं.

दर चार-सहा तासांनी रक्त. पहिल्याच रात्री दोन वाजता गंमत झाली, म्हणजे आता गंमत म्हणतो. आधीचा आकडा १२१, पुढचा आला १४१. नर्स धावत आली, डॉक्टर पोरगी धावत आली. तिने कागद बघितला, क्लोराइड एकदम उडालेलं, पोटॅशियम खाली. मग हिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "रक्त कुठल्या हाताचं घेतलं?" ज्या हाताला सलाईन चालू होती त्याच हाताचं. म्हणजे हिचं रक्त कमी आणि बाटलीतलं मीठ जास्त तपासलं गेलं. दुसऱ्या हातातून घेतलं, १२२ आलं. सगळ्यांनी श्वास सोडला. तेव्हापासून कुणीही सुई घेऊन आला की मी आधी विचारतो, सलाईन कुठल्या हातात आहे. हसतात, हसू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी १२४. तिसऱ्या दिवशी १२९. त्या दिवशी हिने मला विचारलं, "दूधवाल्याचे पैसे दिलेत का?" मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आलो. चौथ्या दिवशी १३२ आणि भांडण. कारण पाणी दिवसाला एक लिटर, मोजून. "आयुष्यभर लोकांना तिकिटं मोजून दिलीत, आता मला पाणी मोजून देता?" आवाज पूर्वीसारखा होता. ऐकत बसलो.

घरी आल्यावर आठवड्याला एकदा सोडियम-पोटॅशियम करायला सांगितलं. इथून साडेचार गुणांची लॅब सुरू होते.

गाळा दहा बाय बाराचा. पुढे एक बाक, त्यावर चार माणसं, पाचवा उभा. चालवणारे गृहस्थ स्वतः रक्त घेतात, स्वतः मशीन लावतात, स्वतः छापतात. सकाळी शटर उघडलं की आधी अगरबत्ती, मग मशीनला ठरलेल्या आकड्याचा नमुना पाजतात. तो बरोबर आला तरच माणसांचं रक्त. एकदा आला नाही, तर सगळ्यांना पाऊण तास थांबवलं. लोक कुरकुरले. मला आवडलं. गाडी डेपोतून निघण्याआधी ब्रेक तपासणारा ड्रायव्हर मला नेहमी आवडायचा.

सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड मिळून ३५० रुपये. रिपोर्ट अर्ध्या तासात, एक पान, तेही अर्धं. आकडा, पट्टा १३५ ते १४५, कुठल्या पद्धतीने मोजलं ते एका ओळीत. आणि खाली पेनने मागच्या तीन वेळचे आकडे. हे पेनने लिहिलेलं मला त्या एकोणीस पानांपेक्षा मोलाचं वाटतं. पहिल्या खेपेला त्यांनी विचारलं, "गोळी सुरू व्हायच्या आधीचा काही कागद आहे का?" घरी रेशनकार्डाच्या पिशवीत जानेवारीचा एक रिपोर्ट सापडला. १३९. म्हणजे हिचा मूळचा आकडा चांगला, घसरण एप्रिल-मेमधलीच. ॲपवाल्यांकडे आधीचा आकडा विचारायला रकानाच नव्हता.

जूनमध्ये १३६ आलं, पुढच्या आठवड्यात १३४. मुलीला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन, "अण्णा, परत एल आला!" मी लॅबवाल्यांना विचारलं. म्हणाले, "काका, एकाच माणसाचं रक्त दोनदा लावलं तरी एक-दोनाचा फरक पडू शकतो. १३६ चं १३४ झालं त्याला घसरण म्हणत नाहीत. १३६ चं १२९ झालं असतं तर मीच तुमच्या दारात आलो असतो." आले असते, याची मला खात्री आहे. कारण एकदा पोटॅशियम ५.९ आलं तेव्हा रिपोर्ट न देता त्यांनीच फोन केला: "नळीत रक्तपेशी फुटल्यात, लालसर दिसतंय, पोटॅशियम खोटं वाढतं त्याने. काकूंना घेऊन या, परत घेतो, पैसे नकोत." परत घेतलं, ४.४. सोडियम दोन्ही वेळा सारखंच होतं, ते या फुटाफुटीत फारसं हलत नाही म्हणे.

अर्धा गुण का कापला? लघवी तपासायची तर स्वच्छतागृह नाही, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विनवणी करावी लागते. प्रिंटरची शाई इतकी फिकी की १३४ आहे की १३९ हे उन्हात धरून बघावं लागतं. या एका तपासणीत तरी आकडा ठसठशीत दिसावा की नाही. आणि रविवारी अकराला शटर खाली.

ॲपवाल्यांकडे परत जाणार का? चालता न येणाऱ्या माणसासाठी घरी येणारा पोरगा ही मोठी सोय आहे, ती मी नाकारत नाही. पण माणूस भांबावलेला असेल, अडखळत असेल, तर पॅकेज बुक करून रिपोर्टची वाट बघू नका. तेव्हा तपासणी तिथे करायची जिथे तासाभरात आकडा वाचून कुणीतरी हलणार आहे. आणि पॅकेजचा रिपोर्ट आलाच तर रंगीत चित्र सोडून आधी सोडियम-पोटॅशियमचं पान शोधा. आमच्याकडे ते अकरावं होतं.

नवी गोळी वेगळ्या जातीची आहे, बीपी १३० च्या आसपास राहतं. पाण्याचा तांब्या आता माझ्या बाजूला असतो. सोमवारी परत जायचंय, हिनेच कालनिर्णयवर गोल करून ठेवलाय. उपाशी जायचं नाहीये, तेव्हा चहा घेऊनच निघू. एकच कप, आणि खारीऐवजी पोहे.